पूजिताचं ‘नको’

आमच्या घरातली मराठी बंद झाली ती एका रविवारी, इडल्या खाता खाता. माझा मुलगा रविकिरण चटणीच्या वाटीकडं बघत म्हणाला, “आई, उद्यापासून पूजिताशी फक्त इंग्लिशमध्ये बोलायचं. सगळ्यांनी. तू पण.”

मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हटलं, “यस सार.”

“आई, प्लीज.”

त्याचा चेहरा बघितला. थट्टा नव्हती. पूजिता माझी नात. तीन वर्षं उलटून गेली होती आणि अजून एक शब्द तिच्या तोंडून आला नव्हता. म्हैसूरच्या हिनकल भागात आमच्या घराजवळच्या प्लेस्कूलमध्ये तिला घातलं होतं. तिथल्या बाईंनी रविकिरणला बोलावून सांगितलं होतं की घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्लिश, अशानं पोरीच्या डोक्यात गोंधळ होतो, म्हणून ती बोलत नाही. एकच भाषा ठेवा. आणि ती कुठली ठेवायची हे आजकाल कुणाला विचारावं लागत नाही.

आमचं घराणं शिंप्याचं. किती पिढ्यांपूर्वी आम्ही इकडं आलो ते कुणालाच नीट ठाऊक नाही. नजरबादला आमचं शिवणाचं दुकान होतं. माझे यजमान वेंकटेश, ते आता नाहीत, कचेरीतल्या साहेबलोकांचे कोट शिवायचे आणि मी वर काजं करायची, गुंड्या लावायची. दिवसभर कन्नड बोलून आम्ही घरी आलो की चपला काढल्यासारखं कन्नड उंबऱ्याबाहेर काढायचो. अगदी सगळं निघायचं नाही. मी पोळीला पोळी म्हणते, पण भाजीला पल्य. पुण्याकडून लग्नाला आलेले पाहुणे माझं बोलणं ऐकून ओठ दाबून हसतात. हसू देत. माझी सून कीर्तना आमच्याच जातीतली, पण बंगळूरला वाढलेली. तिला मराठी सगळी कळते, बोलताना मात्र चार शब्दांनंतर तिची गाडी कन्नडवर जाते. तरी घरात मराठी होती. ती त्या रविवारी गेली.

आता माझं इंग्रजी म्हणजे काय? कम, गो, सिट, ईट, नो. आणि दुकानात कानावर पडलेलं ट्रायल, लूज, टाइट, डिलिव्हरी. रविकिरण आणि कीर्तना दोघं सकाळी कामावर जायचे. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत, ती बँकेत. प्लेस्कूलवरून आल्यानंतर सबंध दिवस पूजिता आणि मी. पोरीला काय ‘डिलिव्हरी’ म्हणू? सुरुवातीला ‘कम पुट्टी, ईट पुट्टी’ चाललं. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी, बाळी. तेवढं एक मी सोडलं नाही. पण बाकी हळूहळू माझं तोंड बंद होत गेलं. न्हाऊ घालताना मी जी बडबड करायची, हा बघ हात, हा बघ कोपर, इथं किती मळ गं बाई, कुठं लोळून आलीस, ती थांबली. पाणी ओतल्याचा आवाज तेवढा यायचा. मी बोलायची थांबले आणि ती जी थोडीफार माझ्याकडं बघायची तेही थांबलं.

ती काय करायची ते सांगते. शिवणाच्या मशीनचं चाक फिरवत बसायची. डब्यांची झाकणं जमिनीवर गरगर फिरवायची आणि खाली वाकून, डोळा जवळ नेऊन ती थांबेपर्यंत बघायची. चवड्यांवर चालायची. मिक्सर लावला की कान झाकून कोपऱ्यात. खायची पांढरंच, दहीभात, इडली, साबुदाणा. हाक मारली तर वळायची नाही. काही हवं असलं की माझं मनगट धरून मला तिथं न्यायची, जणू माझा हात म्हणजे शेल्फवरची वस्तू काढायची काठी. आणि काही नको असलं की स्वतःचं मनगट चावायची. इतकं, की तिथं कातडी काळी, जाड झाली होती.

कीर्तनाला हे पटेना. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, “हे इंग्लिश-मराठीचं नाही हो. हिला आपण दाखवायला पाहिजे.”

“मी पण उशिरा बोललो. आईला विचार.”

“उशिरा बोललात. पण बोट दाखवत होतात का? अत्ते, तुम्ही सांगा.” अत्ते म्हणजे कन्नडमध्ये सासूबाई.

मला मुलाच्या बाजूनं बोलावंसं वाटत होतं. पण आठवण पक्की आहे माझी. “दाखवत होतास,” मी म्हटलं. “चंद्राकडं, बिस्किटांच्या डब्याकडं, दुसऱ्याच्या पोराच्या हातातल्या गाडीकडं. बोट दाखवायचास आणि मग आमच्याकडं बघायचास, आम्ही बघितलं की नाही म्हणून.”

रविकिरण उठून बाल्कनीत गेला. पूजितानं आजवर कशाकडंच बोट दाखवलं नव्हतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

म्हैसूरला राहण्याचं एक भाग्य असं की या कामासाठी लोक कुठून कुठून आमच्या गावी येतात. मुलांच्या बोलण्याचं, ऐकण्याचं बघणारी मोठी माणसं इथल्या एका संस्थेत आहेत. आम्ही गेलो तेव्हा बाकावर आमच्या शेजारी कोण बिहारचे, कोण केरळचे, लॉजमध्ये खोली घेऊन राहिलेले. आम्ही घरून डबा घेऊन गेलो होतो. आधी कान तपासले. कान उत्तम. मग पुष्कळ दिवस नुसतं बघणं, खेळवणं, आम्हाला प्रश्न विचारणं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, ऑटिझम. कागदावर आणखी लांब होतं, पण शब्द हाच. मराठीत स्वमग्नता म्हणतात, हे मला नंतर कळलं.

रविकिरणनं पहिला प्रश्न विचारला, “औषध?”

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, झोप येत नसेल, फिट्स येत असतील, तर त्याला औषधं आहेत. ऑटिझम घालवायला औषध नाही, आणि कुणी आहे म्हणालं तर पैसे जपा. मेंदूची वाढ पोटात असल्यापासूनच वेगळ्या वाटेनं झालेली असते. कुणी काही चुकलं म्हणून नाही. शिकवण्यानं मात्र फरक पडतो, आणि लवकर सुरू केलं तर जास्त पडतो.

त्या रात्री सगळे आपापल्या खोलीत गेले आणि मला माझा भाऊ विश्वेश आठवला. आमच्या आईचा तिसरा मुलगा, माझ्याहून थोरला. बोलायचा नाही. वडिलांच्या दुकानात गुंड्यांच्या डब्याशी बसायचा आणि शिंपल्याच्या, शिंगाच्या, पितळी अशा वेगळ्या करायचा. एकही चुकायची नाही. ढोल वाजला की किंचाळायचा, म्हणून सणाच्या दिवशी आई त्याला घेऊन मागच्या खोलीत बसायची. लोक त्याला खुळा म्हणायचे. आई त्याला घेऊन किती देवांना गेली. ती काय मागायची ते मला माहीत आहे, कारण ती मोठ्यानं मागायची. तो शहाणा होऊ दे, असं ती कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, “ह्याला काय होतंय तेवढं ह्याला सांगता येऊ दे.” विशीच्या आत तो पोटाच्या दुखण्यानं गेला. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, कुणाला कळलंच नाही. तो नुसता भिंतीला डोकं लावून बसला होता. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता.

म्हणून मला पूजिताच्या बाबतीत दुसरं काही नको होतं. ती शाळेत पहिली आली नाही, गायली नाही, लग्नकार्यात मिरवली नाही तरी चालेल. तिला सांगता आलं पाहिजे. कसंही. कुठल्याही भाषेत.

त्या संस्थेत पूजिताला शिकवायला ज्या बाई मिळाल्या त्यांचं नाव नमिता. बाई काय, पोरगीच. मंगळूरकडची, घरी तुळू बोलणारी, आमच्याशी कन्नडमध्ये बोलायची. पहिल्या दिवशी तिनं काही शिकवलंच नाही. सतरंजी घातली, चेंडू, झाकणं, एक फिरकी ठेवली आणि मला म्हणाली, “अज्जी, घरी खेळता तसं खेळा. मी नाहीच असं समजा.”

रविकिरण भिंतीशी उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं आणि सुरू केलं. “कम. सिट. बॉल.” मग गप्प. पूजितानं झाकण फिरवलं. मी बघत राहिले. पुन्हा फिरवलं. मी म्हटलं, “गुड.” आणि गप्प.

नमितानं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, “अज्जी, घरी पण इतक्या शांत असता?”

“घरी याहून शांत,” मी म्हटलं.

“का?”

मी मुलाकडं बघितलं. त्यानं सांगितलं, भाषेच्या गोंधळाचं सगळं. नमितानं ऐकून घेतलं, मान हलवली नाही, हसली नाही. मला विचारलं, “अज्जी, तवा लागून बोट भाजलं तर तोंडातून काय येतं?”

“‘आई गं!’ येतं. दुसरं काय येणार?”

“मग तीच तुमची भाषा. तिच्यातच बोला.”

“पण मॅडम, तीन भाषा...” रविकिरण म्हणाला.

“मी तुळू, कन्नड, हिंदी, इंग्लिशमध्ये वाढले. माझ्या वर्गातली निम्मी मुलं अशीच. जास्त भाषांनी ऑटिझम होत नाही, सार, वाढत पण नाही. मुलांना हवं असतं ते समोरच्या माणसाचं खरं बोलणं. चेहरा, हात, आवाज, सगळं एकदम येतं असं. अज्जी इंग्लिशमध्ये बोलतात तेव्हा अर्ध्या अज्जी गायब होतात. दिवसभर हिच्याबरोबर कोण असतं? अज्जीच ना?”

रविकिरण माझ्याकडं बघायला लागला आणि बघतच राहिला. मग मराठीत म्हणाला, “बोल आई.”

काय बोलू? इतक्या दिवसांनी तोंड उघडायचं तर सुचेना. तेवढ्यात झाकण गरगरत माझ्या मांडीखाली गेलं. मी म्हटलं, “अगो बाई, गेलं की गं! कुठं लपलं? ह्या अज्जीच्या मांडीखाली? आता काय करायचं?” पूजितानं मान वळवली. झाकणाकडं नाही. माझ्याकडं. क्षणभरच. नमितानं स्वतःच्या वहीत काही लिहिलं नाही. ती नुसती टाळी वाजवल्यासारखे हात जोडून बसली होती.

घरी जाताना रिंग रोडवर रविकिरणनं गाडी कडेला घेतली आणि नारळपाणी आणून दिलं. त्याचं सॉरी असंच असतं.

पुढच्या आठवड्यात नमितानं मला विचारलं, “हिला पहिला शब्द कुठला शिकवायचा, अज्जी?”

मी म्हटलं, “अम्मा? देवा? विठ्ठल?”

“नको,” ती म्हणाली.

“विठ्ठल नको?”

“नाही हो अज्जी, ‘नको’ हाच शब्द. आमच्या कन्नडमधल्या ‘बेडा’ला तुमच्यात ‘नको’ म्हणतात ना? तोच.” तिनं पूजिताचं मनगट हलकेच मला दाखवलं. “हे काय आहे? हे ‘नको’च आहे. तिच्याकडं म्हणायला दुसरं काही नाही, म्हणून ती चावते. आपण तिला दुसरं देऊ. तळहात असा पुढं करायचा. एक चित्राचं कार्ड गळ्यात घालू. आणि प्रत्येक वेळी तुम्ही तिच्यासाठी म्हणायचं, नको. म्हटलं की ती वस्तू लगेच दूर. लगेच. ‘एकच घास’ नाही. ‘थोडंसं, माझं बाळ ते’ नाही. नाहीतर ती काय शिकेल? की म्हणून काही उपयोग नाही.”

“आणि औषध? रस्त्यावर हात धरायचा तो?”

“तिथं विचारायचंच नाही. सांगायचं आणि करायचं. जे विचारतो त्याचं उत्तर मात्र ऐकायचं.”

आता हे ऐकून मी हबकले. आमच्या घरात ‘नको’ हा शब्दच नव्हता. आमच्या पंगतीत थोरलं माणूस वाढायला आलं की पानावर हात आडवा धरणं म्हणजे अपमान. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सलग तीन लाडू वाढले, मी खाल्ले आणि मागच्या दारी जाऊन ओकले. पण नको म्हटलं नाही. आणि या वयात मी नातीला हे शिकवायचं!

आधी आम्हालाच शिकावं लागलं. पूजिताला दिसावं म्हणून जेवताना कीर्तना मला कारल्याचं पल्य वाढायला यायची, मी तळहात पुढं करून “नको” म्हणायची आणि ती भांडं लगेच मागं घ्यायची. पहिल्यांदा मी म्हटलं तेव्हा सवयीनं पुढं “थोडंसं वाढ” निघून गेलं. कीर्तना हसून हसून खाली बसली. “अत्ते, तुम्हीच नापास!” मग तिची पाळी. मी तूप वाढायला गेले, तिनं तळहात धरला. “नको.” मी भांडं मागं घेतलं. ती म्हणाली, “किती बरं वाटतं हो. लग्न झाल्यापासून तूप नको होतं मला.”

“मग सांगायचं नाहीस?”

“कुठल्या तोंडानं?” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो. खरं सांगते, माझं आणि सुनेचं जितकं त्या महिन्यांत जमलं तितकं त्याआधी जमलं नव्हतं.

पूजिताला वेळ लागला. बीटरूट पुढं केलं की मनगट तोंडाकडं जायचं. मी तिचा हात अलगद पुढं करून म्हणायची, “नको,” आणि बीटरूट उचलून न्यायची. दिवसातून कितीदा. नमिताच्या शेजारच्या खोलीत तिला झोपाळ्यावर बसवणारे, पायांना, पाठीला दाब देणारे एक सर होते. त्यांच्याकडून आल्यावर ती जरा निवांत असायची, तेव्हा हे बरं जमायचं. एक दुपार अशी आली की मी बीटरूट पुढं केलं आणि तिचा तळहात आपणहून पुढं आला. माझ्या वाटीला टेकला. मनगट कोरडं. मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बीटरूटचं एवढं कौतुक मी जन्मात केलं नसेल.

शब्द मात्र आला नाही. कधी नाकातून ‘न्न’ यायचं, तेवढंच. नमिता म्हणाली, हात हेही बोलणंच आहे. शब्द येईल किंवा येणार नाही. मला ते मान्य होतं. मी हातावर समाधानी होते.

मग देवळातल्या सप्ताहाचा फोन आला. आमच्या समाजाचं विठ्ठलाचं देऊळ आहे, जुनं. माझे थोरले दीर रंगराव तिथं मंडळींचे मुख्य. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी घराण्यातल्या सगळ्यांना, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत, ते स्वतःच्या हातानं बुक्का लावतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील लावायचे. मी लग्नाची आले तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नव्हतं. पण आदल्या वर्षी त्यांनी पूजिताचं डोकं मागून धरून कपाळावर बोट टेकवलं आणि ती अशी ओरडली, मनगटातून रक्त येईपर्यंत चावली, की भजन थांबलं. कीर्तना तिला उचलून रस्त्यावर घेऊन गेली. त्यानंतर आम्ही तिकडं फिरकलो नव्हतो.

बुक्का लावायचा का नाही, हा प्रश्न नव्हता. मला एकच भीती होती. कसाबसा तिचा हात पुढं यायला लागला होता. सगळ्यांसमोर तिनं हात पुढं केला आणि कुणी ऐकलं नाही, तर ती पुन्हा मनगटाकडं जाणार. आणि मग तो हात पुन्हा कधी पुढं येणार?

फोनवर माझी जाऊ अंबूताई होती, रंगरावांची बायको. “पोरीला आणा हो कमलाक्षी. आणि हे काय ऐकते मी? तिला नको म्हणायला शिकवताय? नको म्हणणारी पोर उद्या कुणाच्या घरी नांदणार?”

“अक्का, आधी म्हणू तर दे. नांदायचं मग बघू.”

“तुझं आपलं काहीतरीच. देवासमोर आली की सरळ होईल सगळं.”

मी फोन भाऊजींना द्यायला सांगितलं. त्यांना समजावलं. तिला कपाळाला हात लावलेला सोसत नाही, आपल्याला त्वचेवर काटा घासल्यावर जसं होईल तसं तिला होतं. ती तळहात पुढं करेल, तर पुढं जाऊ नका. ते “हूं” म्हणाले. त्यांच्या हूंमधून आजवर कुणाला काही कळलेलं नाही.

नमिता म्हणाली, जा. गर्दीच्या आधी जा, टाळ सुरू व्हायच्या आत बाहेर पडा, कानाला हेडफोन लावा, आणि तिला आधी फोटो दाखवून सांगा कुठं जायचं ते. रविकिरणनं देवळाचा फोटो काढून आणला. मी रोज तो दाखवून सांगायची, इथं जायचं, विठ्ठल बघायचा, केळं खायचं, घरी यायचं.

गेलो. खांबाशी सतरंजीवर बसलो. पूजिता माझ्या मांडीवर, कानाला निळे हेडफोन, गळ्यात कार्ड. तिला तिथली फरशी आवडली, काळी-पांढरी, बोटानं रेघा काढत बसली. रंगराव बुक्क्याचं ताट घेऊन रांगेनं येऊ लागले. आधी अंबूताई, मग तिची नातवंडं, मग आमच्याकडं. मी पुढं कपाळ केलं, त्यांनी मला लावला. मग त्यांचं बोट पूजिताकडं वळलं.

तिनं तळहात पुढं केला. माणूस ऐंशीच्या घरातला, नजर अधू, आणि हाताला जन्माची सवय. बोट थांबलं नाही. मला तिच्या पोटातला श्वास वर चढलेला कळला. तिचं मनगट उचललं गेलं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधीच,

“नको.”

स्वच्छ. मोठ्यानं. हेडफोन लावलेलं माणूस बोलतं तेवढ्या मोठ्यानं. सगळा मंडप वळला. रविकिरणच्या हातातली केळी खाली पडली.

“अय्यो, बोलली!” अंबूताई उठून उभीच राहिली. “बोलली हो पोर! देवानं बोलतं केलं! लावा हो, लावा लवकर, तिला आधी बुक्का लावा!”

चारी बाजूंनी आवाज, लावा, लावा. सगळे आनंदानंच म्हणत होते. भाऊजींचं बोट हवेत होतं आणि पूजिताचा तळहात तसाच पुढं होता. ती बघत होती. माझ्याकडं नाही, त्या काळ्या बोटाकडं.

मी या माणसासमोर आयुष्यभर पदर डोक्यावर घेऊन वावरले. त्यांच्या बोलण्यावर मी कधी बोलले नाही. मी म्हटलं, “भाऊजी, ती नको म्हणाली.”

त्यांनी वाकून पूजिताकडं बघितलं, अगदी जवळून, चष्मा वर करून. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी बोट ताटाच्या कडेला पुसलं.

“नको तर नको,” ते म्हणाले. “राहिलं.” आणि रविकिरणच्या कपाळाला बुक्का लावून पुढच्या माणसाकडं गेले.

पूजितानं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि पुन्हा फरशीवर रेघ काढायला लागली. कीर्तना माझ्या खांद्यावर तोंड लपवून रडत होती. अंबूताई शेजारणीला सांगत होती, “स्वतः हे थांबले गं. माझ्यासाठी कधी थांबले नाहीत.”

त्या दिवसापासून आमच्या घरात ‘नको’चा सुकाळ आहे. इडली नको, फ्रॉक नको, अप्पा नको, अज्जी नको. पाहुणे म्हणतात, एवढं काय ऐकायचं? मी म्हणते, ऐकायला मिळतंय म्हणून. आता आणखी चार शब्द आलेत, दोन मराठी, एक कन्नड, आणि ‘बस’, जो सगळ्यांचाच आहे. परवा तिनं पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हटलं, “नको.” मी डॉक्टरांकडं घेऊन धावले. वात होता. डॉक्टर हसले. मी हसले नाही, बाकावर बसून जरा वेळ डोळे मिटून राहिले.

नमिताला काहीतरी द्यावं असं मनात पुष्कळ दिवस होतं. सकाळी उठून कोडबळी, म्हणजे कडबोळी, तळली, आमच्या पद्धतीची, जरा तिखट, आणि स्टीलच्या डब्यात भरून नेली. तिचा वर्ग संपल्यावर डबा तिच्या हातात ठेवला. म्हटलं, तू आम्हाला काय दिलंस ते मला कन्नडमध्ये पण सांगता येणार नाही आणि मराठीत पण.

तिचे डोळे भरले. पण तिथला नियम कडक असावा. तिनं डबा परत माझ्याकडं करत दुसऱ्या हाताचा तळवा पुढं धरला आणि आमच्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, “नको, अज्जी. खरंच नको.”

कोपऱ्यात झाकण फिरवणाऱ्या पूजितानं मान वर केली. उठली. चवड्यांवर चालत आली, नमिताच्या हातातून डबा काढून घेतला, माझ्या पिशवीत घातला, आणि पिशवी उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली.

“अय्यो, पुट्टी,” नमिता म्हणाली, “एक तरी ठेवायचं होतंस गं! वास किती छान येत होता!”

पण पूजिता परत जाऊन झाकणापाशी बसली होती, आणि तिच्या देखत तो डबा पुन्हा आत आणायची आमच्या दोघींची हिंमत झाली नाही.